सोरोरिटीत शिरायचं कसं? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

जुलै संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी व्हिसा, डॉर्म, रूममेटची भांडणं. या दिवसांत मात्र अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सोरोरिट्यांबद्दल, म्हणजे मुलींच्या ग्रीक अक्षरी नावांच्या संघटनांबद्दल, विचारणा सुरू होते. मी ओहायोतल्या एका सरकारी विद्यापीठात शिकले, तिथे एका सोरोरिटीची सभासद झाले आणि नंतर बरीच वर्षं एका चॅप्टरची, म्हणजे सोरोरिटीच्या कॅम्पसवरच्या शाखेची, सल्लागार म्हणून बिनपगारी राबले. म्हणून संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्या अंगावर टाकलाय. निवडक पत्रं घेतली आहेत, थोडी कापूनच.

प्रश्न: मुलीला अलाबामा विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. ती म्हणते, वर्ग सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये 'रश' असतो आणि त्यात भाग घेतला नाही तर चार वर्षं बाहेर बसावं लागतं. हे खरं का? आणि त्या आठवड्यात नेमकं होतं तरी काय? आम्ही इकडे बसून नुसते व्हिडिओ बघतोय.
— एक आई, पुणे

उत्तर: अर्धं खरं आहे. मुख्य भरतीला आता 'प्रायमरी रिक्रूटमेंट' म्हणतात. 'रश' हा जुना शब्द, पण तोंडात तोच बसलाय. अलाबामात ती ऑगस्टमध्ये, वर्ग भरायच्या आधी असते आणि टस्कलूसात, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, त्या आठवड्यात दोन हजारांहून जास्त मुली उतरतात. 2021 साली तिथल्या मुलींनी रोज काय घातलंय ते टिकटॉकवर दाखवायला सुरुवात केली, तेव्हापासून साऱ्या जगाला वाटतं की सोरोरिटी म्हणजे एवढंच. कॉर्नेल किंवा व्हर्जिनिया विद्यापीठात हीच भरती जानेवारीत होते, म्हणजे मुलीला कॅम्पसवर एक अख्खं सत्र घालवून झालेलं असतं. मला विचाराल तर हीच पद्धत शहाणपणाची, पण मला कोण विचारतंय!

नोंदणी कॅम्पसच्या पॅनहेलेनिक कौन्सिलकडे करायची. 1902 साली स्थापन झालेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समधल्या ज्या सोरोरिट्यांची चॅप्टर त्या कॅम्पसवर आहेत, त्यांची ही कौन्सिल. फॉर्म, फोटो, शाळेचे गुण आणि नोंदणी फी. गुणांची अट बहुतेक ठिकाणी चारपैकी अडीच ते तीनच्या आसपास असते. बारावीच्या टक्क्यांचं रूपांतर कसं करायचं, ते कौन्सिलच्या ऑफिसला ईमेल करून आत्ताच विचारा. ऑगस्टमध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

मग फेऱ्या. पहिल्या फेरीत मुली सगळ्या घरांत (चॅप्टरच्या मुली राहतात ती घरं; बोलताना चॅप्टरलाच 'घर' म्हणतात) डोकावतात, किंवा अलीकडे बरेचदा व्हिडिओवर भेटतात. दुसरीत ते चॅप्टर कुठल्या सामाजिक कामासाठी निधी जमवतं ते सांगतात, तिसरीत घर दाखवतात आणि एकमेकींशी असलेल्या नात्याबद्दल बोलतात. शेवटची 'प्रेफरन्स', तिला फार तर दोनच घरं उरतात. प्रत्येक फेरीनंतर मुलगी आपली पसंती क्रमाने लावते, चॅप्टर आपली यादी देतं आणि कॉम्प्युटर दोन्हींचा मेळ घालतो. 2003 पासून एक पद्धत लागू आहे. कुठल्या चॅप्टरने किती मुलींना पुन्हा बोलवायचं, याचे आकडे आधीच्या वर्षांच्या अनुभवावरून ठरवून दिले जातात. ज्या घरांवर उड्या पडतात त्यांना पहिल्याच फेरीनंतर भरमसाट नावं गाळावी लागतात. तेव्हा दुसऱ्या दिवशी लाडकं घर यादीत नसलं, तर त्यात मुलीच्या वागण्याचा दोष असेलच असं नाही.

मी सल्लागार असताना हे सगळं दाराच्या आतल्या बाजूने बघायचे. दार उघडायच्या आधी साठ-सत्तर मुली दाटीवाटीने उभ्या, टाळ्या, आरोळ्या, गाणं. बाहेर ऊन, आत घाम. दार उघडलं की प्रत्येक पाहुणीला एकेक जण हाताला धरून कोपऱ्यात नेणार. दहा मिनिटं गप्पा होतात न होतात, तोच दुसरी येऊन टेकते आणि पहिली उठते. याला 'बंप' म्हणतात आणि तो सहज वाटावा म्हणून आठवडाभर तालमी झालेल्या असतात. पाहुण्या गेल्या की सगळ्या सँडल भिरकावून गालिच्यावर बसकण मारतात आणि फोनवर शेरे भरतात. मतदानाची गुपितं सांगणार नाही, तशी शपथ आहे. पण एवढं सांगते: कपड्यांवरचे शेरे मी फार कमी ऐकले. 'आमच्याबद्दल तिला काहीच विचारायचं नव्हतं' हे मात्र हजारदा ऐकलं. मुलीला सांगा, चार खरे प्रश्न मनात घेऊन जा.

तिच्यासोबत एक 'रिक्रूटमेंट काउन्सेलर' असेल. काही कॅम्पसवर तिला 'रो गॅमा' म्हणतात, काही ठिकाणी 'पाय काय'. ती स्वतः कुठल्यातरी सोरोरिटीची असते, पण बऱ्याच ठिकाणी तेवढ्या दिवसांपुरती आपली ओळख लपवते, म्हणजे कुणाची बाजू घेत नाही. पुण्यात रात्र असो की पहाट, मुलीचा रडवेला फोन आला तर तिला आधी या काउन्सेलरकडे पाठवा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. प्रेफरन्सनंतर मुलगी एका करारावर सही करते. त्यावर लिहिलेल्या घरांपैकी कुणाचीही बिड (सभासद व्हायचं आमंत्रण) आली, तर तिने ती स्वीकारो वा नाकारो, त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत दुसऱ्या कुठल्याही पॅनहेलेनिक सोरोरिटीत तिला जाता येत नाही. जिथे जायचंच नाही ते नाव लिहू नये. उलट, शेवटच्या फेरीतली दोन्ही घरं लिहिली तर बिड बहुतेक मिळतेच. एकच लिहिलं तर जोखीम तिची. मुली ही सही रात्री दमून, अर्धवट झोपेत करतात. तिला म्हणावं, आधी पाणी पी, मग पेन उचल.

आणि 'चार वर्षं बाहेर' ही निव्वळ अफवा आहे. खाली तिसरं उत्तर वाचा.

प्रश्न: माझ्या घरात कुणीच सोरोरिटीत नव्हतं. मैत्रिणींच्या आया, आज्या सगळ्या सभासद, म्हणून त्या 'लेगसी'. त्यात आई म्हणते, हा तर दाखवण्याचा कार्यक्रमच झाला, मुली नटून बसतात आणि समोरचे नकार देतात. काय सांगू तिला?
— प्लेनो, टेक्सास

उत्तर: आईला सांग, या कार्यक्रमात मुलगीही रोज संध्याकाळी नकार देते आणि तोही कॉम्प्युटरवर, त्यामुळे कुणाच्या घरी निरोप पाठवायची पंचाईत नाही.

लेगसीचं वजन पूर्वी होतं. गेल्या काही वर्षांत, विशेषतः 2020 नंतर, बऱ्याच राष्ट्रीय सोरोरिट्यांनी नात्याला आपोआप मिळणारं झुकतं माप काढून टाकलं. शिफारसपत्रांची सक्तीही पुष्कळ ठिकाणी गेली. दक्षिणेतल्या मोठ्या कॅम्पसवर अजून काही जणी ती जमवतात. मिळाली तर दे, नाही मिळाली तर अनोळखी काकूंना फेसबुकवर गाठून पत्र मागत फिरू नकोस.

प्रश्न: गेल्या वर्षी मी रिक्रूटमेंटमध्ये होते. तिसऱ्या फेरीआधी माझ्या यादीत एकच घर उरलं आणि तेही मला नको होतं, म्हणून मी बाहेर पडले. आता सेकंड इयर. परत तो आठवडा काढायची ताकद नाही. दुसरा मार्ग आहे का? सगळे म्हणतात, मागच्या दाराने जाणाऱ्यांना नंतर मान नसतो.
— इंडियाना

उत्तर: आहे, आणि मी त्याच मार्गाने गेले.

त्याला 'कंटिन्युअस ओपन बिडिंग' म्हणतात, बोलताना नुसतं 'सीओबी'. प्रत्येक कॅम्पसवर चॅप्टरची सभासदसंख्या किती असावी याचा एक आकडा ठरलेला असतो, त्याला 'टोटल' म्हणतात. मुख्य भरतीनंतर जी चॅप्टर त्या आकड्याच्या खाली राहतात, त्यांना सत्र चालू असताना कधीही बिड देता येते. फेऱ्या नाहीत, आरोळ्या नाहीत, रांगा नाहीत. दोघी-तिघी कॉफीला बोलावतात, एखाद्या संध्याकाळी घरी जेवायला नेतात, आठवड्याभरात हो की नाही ते कळतं.

तू सही करायच्या आधीच बाहेर पडलीस, म्हणून गेल्या वर्षीही तू मोकळी होतीस. सही करून बिड आली नसती तरी मोकळीच असतीस. बिड येऊन नाकारली असतीस तरच अडकली असतीस. हे तुला कुणीच सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं, कारण बहुतेक मुलींना कुणीच सांगत नाही.

करायचं काय, तर पॅनहेलेनिक ऑफिसला दोन ओळींची ईमेल: 'सीओबीत रस आहे, कुठल्या चॅप्टरमध्ये जागा आहेत?' काही ठिकाणी फॉर्म असतो. मग त्या चॅप्टरच्या मेंबरशिप बघणाऱ्या मुलीला सरळ मेसेज कर. आगाऊपणा वाटेल म्हणून घाबरू नकोस. ज्यांना जागा भरायच्या आहेत त्यांना असा मेसेज हवाच असतो. इथेही बिड स्वीकारताना सही आहे आणि तीही तितकीच बांधून ठेवते.

माझं असं झालं: केमिस्ट्री लॅबमध्ये माझ्या टेबलवर जी मुलगी होती, तिने एकदा टायट्रेशन करता करता विचारलं, सोमवारी आमच्याकडे जेवायला येतेस का? सोमवार हा बऱ्याच घरांत चॅप्टर मीटिंगचा वार, त्याआधी सगळ्या एकत्र जेवतात. मला वाटलं, हिला माझ्या नोट्स हव्या असणार. गेले तर लांबलचक टेबल, चाळीसेक मुली, आणि कुणीही माझ्यासाठी खास काही करत नव्हतं. दोघी एका परीक्षेवरून भांडत होत्या, एक जण नाक शिंकरत होती. त्या आठवड्याच्या शेवटी बिडचं कार्ड हातात पडलं. ऑगस्टमध्ये भेटतात त्या तालीम केलेल्या मुली. मला भेटल्या त्या फेब्रुवारीतल्या, सर्दी झालेल्या. निवड करायला मला तरी तेच बरं पडलं.

खरं तेही सांगायला हवं. ज्या घरांसाठी सगळे जीव टाकतात, ती बहुधा भरलेली असतात, त्यामुळे सीओबीत त्यांची नावं दिसत नाहीत. 'तेच एक घर हवं' असा हट्ट असेल तर या वाटेचा उपयोग नाही. आणि मानाबद्दल: दीक्षाविधी झाला की कोण कुठल्या दाराने आलं हे दुसऱ्या वर्षी कुणाला आठवतसुद्धा नाही.

या दाराचा एक इतिहासही आहे. 2013 साली अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापलं की तिथल्या पारंपरिक गोऱ्या सोरोरिट्यांत कृष्णवर्णीय मुलींना माजी सभासदांच्या दबावाखाली नाकारलं जातंय. देशभर गदारोळ झाला. मुख्य भरती तर संपली होती. तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्या सोरोरिट्यांना ओपन बिडिंग सुरू करायला लावलं, आणि कृष्णवर्णीय मुलींना त्यातूनच बिड मिळाल्या. ज्याला तुझ्या मैत्रिणी मागचं दार म्हणतात, ते हे.

'स्नॅप बिड' नावाचाही एक प्रकार आहे. मुख्य भरतीत एखाद्या चॅप्टरचा ठरलेला कोटा भरला नाही, तर बिड डेच्या, म्हणजे बिड वाटायच्या दिवसाच्या, अगदी तोंडावर, भरतीत असूनही बिड न मिळालेल्या मुलींना फोन जातात. तो फोन आला तर विचार करायला वेळ थोडाच असतो, पण 'अर्ध्या तासाने सांगते' म्हणायला हरकत नाही.

प्रश्न: माझ्या बहिणीला देसी सोरोरिटीत जायचंय. तिथेही तोच ऑगस्टचा तमाशा असतो का? आणि या सोरोरिट्या 'खऱ्या' मानतात का? बाबांना तीच शंका आहे.
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: बाबांना सांगा, अगदी खऱ्या आणि आता पंचवीस वर्षांहून जुन्या. गंमत म्हणजे 1998 या एकाच वर्षात तीन निघाल्या: ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठात सिग्मा सिग्मा रो. पुढच्या वर्षी टेक्सास ए अँड एममध्ये डेल्टा काप्पा डेल्टा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडच्या इंजिनिअर-डॉक्टरांच्या मुली मोठ्या संख्येने तिथल्या कॉलेजांत पोचल्या होत्या, आणि पॅनहेलेनिक घरांच्या दिवाणखान्यात त्यांना आपली जागा दिसत नव्हती. लॅटिना मुलींनी हेच त्याआधी केलं होतं. लाम्डा थेटा आल्फा 1975 साली न्यू जर्सीतच, कीन कॉलेजमध्ये सुरू झाली.

यांचं दार वेगळं. पॅनहेलेनिक नोंदणीचा इथे संबंध नाही. सत्राच्या सुरुवातीला एक-दोन आठवडे चॅप्टर स्वतःच कार्यक्रम ठेवतं: ओळख, खेळ, एखादी कार्यशाळा, एखादं समाजकार्य. इन्स्टाग्रामवर तारखा येतात. त्यांना जायचं, बोलायचं, मग अर्ज आणि मुलाखत. बिड मिळाली की काही आठवड्यांचं शिक्षण, ज्यात संस्थेचा इतिहास, नियम आणि एकत्र करायची कामं असतात. शेवटी नव्या मुलींना सर्वांसमोर आणण्याचा कार्यक्रम. मुखवटे, एका तालात पावलं, घोषणा, आणि पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून उभे असलेले आईबाप. चॅप्टर लहान असतात, कधी दहा-बारा मुलींची, आणि बहुधा स्वतःचं घर नसतं. त्यामुळे खर्च कमी पण कामं जास्त; दहा जणींत तोंड लपवता येत नाही. सभासद दक्षिण आशियाईच असायला हव्यात असंही नाही.

एक सावधगिरी: बहिणीने दोन्ही दारं एकदम ठोठावायची ठरवली असेल, तर आधी दोन्हीकडचे नियम बघावेत. एका सामाजिक सोरोरिटीची दीक्षा घेतली की दुसरी बहुधा बंद होते.

प्रश्न: माझी रूममेट कृष्णवर्णीय आहे, तिची आई डेल्टा सिग्मा थेटाची. मलाही त्यांचं काम आवडतं. पण अर्ज कुठे करायचा तेच सापडत नाही, आणि रूममेट नुसती हसते.
— अटलांटा

उत्तर: हसणारच. त्या परंपरेत 'मला तुमच्यात यायचंय' असं गावभर सांगत सुटणं हेच चुकीचं पाऊल समजतात.

ही 'डिव्हाइन नाइन' मंडळी: कृष्णवर्णीयांच्या नऊ ग्रीक अक्षरी संस्था, त्यांत चार सोरोरिट्या. आल्फा काप्पा आल्फा 1908 ची, डेल्टा सिग्मा थेटा 1913 ची, झीटा फाय बीटा 1920 ची, या तिन्ही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या. आणि सिग्मा गॅमा रो 1922 ची, इंडियानापोलिसची. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये असताना आल्फा काप्पा आल्फात गेल्या. तुझ्या रूममेटच्या आईच्या डेल्टांचं पहिलं सार्वजनिक काम म्हणजे मार्च 1913 मध्ये वॉशिंग्टनला निघालेल्या स्त्री-मताधिकाराच्या मोर्चात चालणं, संस्था जन्मून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा. हे माहीत असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

पद्धतीचं नाव 'मेंबरशिप इनटेक'. दर सत्राला होतेच असं नाही. वरच्या कार्यालयाची परवानगी मिळाली की चॅप्टर एका माहिती-सभेची सूचना लावतं, कधी फक्त काही दिवस आधी. ती सूचना डोळ्यांत तेल घालून शोधायची. त्याआधी वर्षभर त्यांच्या रक्तदान शिबिरांना, मतदार नोंदणीच्या टेबलांवर, व्याख्यानांना हजर राहायचं, शांतपणे. कॉलेजच्या गुणांचा उतारा, शिफारसपत्रं, केलेल्या समाजकार्याचा पुरावा लागतो. कॉलेजचे काही क्रेडिट पूर्ण झालेले असावे लागतात, म्हणून नुकत्याच आलेल्या मुलींना बहुधा थांबावं लागतं. वंशाची अट नाही. पण तिथे आपण पाहुणे आहोत हे भान ठेवून जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: मुलगी म्हणते वर्गणी 'थोडीशी' आहे. थोडीशी म्हणजे किती? विचारलं की चिडते.
— एक वडील, शिकागो

उत्तर: ती चिडते कारण तिलाही माहीत नाही.

कॅम्पसनुसार फरक प्रचंड आहे. घरात न राहणाऱ्या सभासदाला कुठे सत्राला काही शे डॉलर, कुठे त्याच्या कितीतरी पट. राहणाऱ्यांना खोली आणि जेवण धरून काही हजार, पण तेवढे डॉर्मलाही जातातच, म्हणून तुलना तिथल्या बिलाशी करा. फसगत होते ती पहिल्या वर्षी. नव्या सभासदाची फी, दीक्षाविधीची फी, राष्ट्रीय कार्यालयाची फी, पिन, हे सगळं एकाच सत्रात येऊन आदळतं. घराच्या देखभालीसाठी, तिथे राहत नसलेल्यांकडूनही 'पार्लर फी' घेतात. मग दर कार्यक्रमाचा टीशर्ट, पार्टीचं तिकीट, 'लिटल' (सांभाळायला दिलेली नवी मुलगी; सांभाळणारी ती 'बिग') मिळाली की तिच्यासाठी भेटींची टोपली. या टोपल्यांवर मुली काय उधळतात, ते बघून मी सल्लागार असताना डोकं धरलं आहे. काही चॅप्टर गैरहजेरीचा दंडही लावतात.

बरीच पॅनहेलेनिक कौन्सिलं खर्चाचा तक्ता देतात. तो मुलीबरोबर बसून वाचा. आणि तिला शेवटच्या फेरीच्या आधी, प्रत्येक घरात, हे तीन प्रश्न विचारायला सांगा: पहिल्या सत्राचा एकूण आकडा किती, हप्ते मिळतात का, आणि घरात किती वर्षं राहणं सक्तीचं आहे. तिसरा विचारायचा मुली विसरतात. मग दुसऱ्या वर्षासाठी बाहेर अपार्टमेंटचा करार करून मोकळ्या होतात आणि दोन्हीकडचं भाडं बापाच्या डोक्यावर येतं.

प्रश्न: मी एमएस करायला आले आहे, मेकॅनिकल. ग्रॅज्युएट विद्यार्थिनींना प्रवेश असतो का? माझी बेचाळीस वर्षांची मावशी म्हणते तिलाही यायचंय, ती चेष्टा करतेय असं मी धरून चाललेय.
— मिशिगन

उत्तर: मावशीची चेष्टा मनावर घे, कारण तिच्यासाठी रस्ता आहे. पॅनहेलेनिक सोरोरिट्यांची कॉलेजमधली चॅप्टर पदवीपूर्व मुलींची असतात. पण त्यांतल्या पुष्कळांत 'अलम्ना इनिशिएशन' आहे: कॉलेज मागे पडलेल्या, दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरोरिटीची सभासद नसलेल्या बाईला सभासदांच्या शिफारशीने थेट दीक्षा. डिव्हाइन नाइनमध्ये तर पदवीधरांची वेगळी चॅप्टर असतात आणि ती पदवी घेऊन संपल्यावरही आयुष्यभर जोरात चालतात. पन्नाशीतल्या बायका त्यांत नव्याने येतात. दोन्हीकडे ओळख आणि काम आधी, अर्ज नंतर. भारतातली पदवी धरतात का, ते लेखी विचारा.

तुझ्यासाठी इंजिनिअरिंगच्या मुलींच्या दोन सोरोरिट्या बघ: आल्फा ओमेगा एप्सिलॉन, 1983 ची, मार्केट (Marquette) विद्यापीठातली, आणि फाय सिग्मा रो, 1984 ची, पर्ड्यूतली. त्यांची भरती पॅनहेलेनिकच्या बाहेर असते आणि लॅबच्या वेळा त्यांना समजतात. एमएसच्या मुलींना घेतात का, हे तुझ्या कॅम्पसच्या चॅप्टरलाच विचार.

प्रश्न: आमच्या कॉलेजात एक नवी सोरोरिटी येतेय म्हणे. नव्यात जाण्यात काही अर्थ आहे का?
— नाव देऊ नये

उत्तर: कामाचा कंटाळा नसेल तर फार अर्थ आहे. नवं चॅप्टर उघडताना राष्ट्रीय कार्यालयाची माणसं येऊन मुलाखती घेतात आणि पहिली तुकडी एकदम भरतात. ठरलेल्या चौकटी नसतात, 'बिग' नसते, परंपरा तुम्हीच घालायच्या. अध्यक्ष व्हायचं असेल तर याहून जवळचा रस्ता नाही. तयार घर, तयार मैत्रिणी आणि तयार पार्ट्या हव्या असतील तर दुसरीकडे जा.

प्रश्न: मुलीला बिड मिळाली, आम्ही खूश होतो. आता ती म्हणते, रात्री फोन काढून घेतात आणि काय चाललंय ते 'घरी सांगायचं नाही'. आम्ही गप्प बसावं का?
— एक आई, फ्लोरिडा

उत्तर: नाही.

दीक्षाविधी गुप्त असतो, त्यात काही वावगं नाही. मीही तो कुणाला सांगितलेला नाही. पण झोपू न देणं, फोन काढून घेणं, दारू पाजणं, उन्हात उभं करणं, जुन्या मुलींच्या खोल्या झाडायला लावणं याला हेझिंग म्हणतात, मग ते पॅनहेलेनिक घर असो, देसी चॅप्टर असो की आणखी कुठलं. डिव्हाइन नाइनच्या संस्थांनी तर 1990 सालीच जुनी 'प्लेजिंग'ची (दीक्षेआधी नव्या उमेदवारांना राबवून घ्यायची) पद्धत अधिकृतपणे बंद केली, ती याच कारणासाठी. ती लपूनछपून चालते तेव्हाच जीव जातात. बहुतेक राज्यांत हेझिंगविरोधी कायदा आहे आणि तुमच्या फ्लोरिडासह अनेक राज्यांत 'तिने स्वतःच होकार दिला होता' हा बचाव चालत नाही. डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारचाही कायदा झाला. त्यानुसार, हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संस्थांची नावं कॉलेजांना जाहीर करावी लागतात. तुमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर तो अहवाल शोधा आणि हे चॅप्टर त्यात आहे का ते आजच बघा.

मुलीशी बोलताना 'सोडून दे' ने सुरुवात करू नका, ती फोन ठेवेल. काय झालं, कोणत्या तारखेला, कोण होतं, एवढं तिच्याकडून लिहून घ्या. मेसेज असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट तिने तुम्हाला पाठवावेत. मग विद्यापीठाचं डीन ऑफ स्टुडंट्सचं ऑफिस आणि सोरोरिटीचं राष्ट्रीय कार्यालय, दोन्हीकडे एकाच दिवशी लेखी तक्रार. नाव न देताही करता येते. चॅप्टरच्या सल्लागार बाईंना फोन करायचा मोह होईल, पण त्या चॅप्टरच्याच असतात, म्हणून त्यांचा नंबर शेवटी लावा. दीक्षा अजून झालेली नसेल तर मुलीला त्यातून बाहेर पडता येतं आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जायचा तिचा मार्गही मोकळा राहतो. पैसे भरले आहेत म्हणून थांबवू नका. ती दारू प्यायलेली, गुंगीत किंवा दुखापत झालेली आहे असं कळलं, तर डीन वगैरे नंतर, आधी 911.